सायबाच्या डाव्या हाताला

वैशाखात समोरच्या मंगल कार्यालयात पहिलं लग्न लागलं की मी खिडकी लावून घेते. सुनेला वाटतं, मला डीजेचा त्रास होतो. डीजेचं मला काही नाही. मला नवरी बघवत नाही. साठी उलटून गेली तरी बघवत नाही. तिच्या मापाचं ब्लाऊज, तिच्या मनाने घेतलेला शालू, मंगळसूत्रात नुसते काळे मणी आणि दोन वाट्या, आणि जो तो तिला तिच्याच नावाने हाक मारतोय. मी जळते. स्वभावाला औषध नाही. माझी आई म्हणायची, या पोरीच्या पोटात चूल आहे, भर पावसातसुद्धा विझायची नाही.

ही चूल खरी पेटली ती ऐंशी सालानंतरच्या एका वैशाखात. मला दुसरेपणावर दिलं होतं. यांची पहिली बायको, लीला, काविळीने गेली. मूलबाळ नव्हतं. वर्ष सरलं आणि आमच्याकडे स्थळ सांगून आलं. गाव चंद्रपूरहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं. एका टोकाला सागवानाचा डेपो, दुसऱ्या टोकाला ख्रिस्ती लोकांचं जुनं कब्रस्तान, आणि मधे आम्ही. नवरा तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडे मुन्शी. फाल्गुनात लग्न झालं आणि संसाराची घडी बसायच्या आत हंगाम लागला. हे भामरागडकडे, पानं गोळा होतात त्या फळीवर निघून गेले. घरात मी आणि माझी सासू. तिला मी आत्याबाई म्हणायची. म्हणायला दोघी, पण तिसरी लीला होतीच.

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात. भटजींनी विचारलं, काय लिहायचं? मी मनात सुनंदा धरून बसले होते. आत्याबाई म्हणाल्या, "लीलाच लिहा. तिले वाटलं पाह्यजे का आपली जागा कोनी घेतली नाई." भटजींनी लिहिलं. माझं कुसुम हे नाव त्या तांदळाखाली गेलं ते गेलंच. शिवाय मंगळसूत्राबरोबर गळ्यात चांदीचा छोटा टाक आला, सवतीचा. दुसरेपणाच्या बाईने पहिलीचा टाक गळ्यात घालावा, त्याला रोज हळदकुंकू लावावं, म्हणजे ती शांत राहते अशी रीत. नाव तिचं, टाक तिचा, मान तेवढी माझी.

लीला उंच होती. हे मला कुणी सांगितलं नाही, स्वयंपाकघरातल्या शिंक्याने सांगितलं. दह्याचं मडकं तिच्या हाताच्या उंचीला टांगलेलं. मला दर वेळी पाटावर चढावं लागे. शिंकं खाली घेऊ का, विचारलं तर आत्याबाई म्हणायच्या, "राहू दे, मांजर येते." मांजर तर माझ्या उंचीलाही आली नसती.

तिची ब्लाऊजंही मलाच. चांगल्या पोपलिनची, टाकवत नव्हती. ती उसवून माझ्या मापाची करायला मी शेजारच्या आग्नेसबाईकडे घेऊन गेले. आग्नेसबाई ख्रिस्ती, तिच्या आज्याच्या वेळेपासून घर इथलंच. ओसरीवर शिलाई मशीन, भिंतीवर येशूची तसबीर, आणि बोलणं सगळं आमच्यासारखं. तिने ब्लाऊज माझ्या पाठीला लावून पाहिलं आणि हसली. "छातीत बोटबोट जास्त आहे वं. कापू नको, आत दाबून देतो. भरशील तू बी."

"कापा," मी म्हटलं. "काऊन भरायचं तिच्या मापात?"

तिने कापलं नाही. शिवण आत घातली. ती जाड शिवण उन्हाळाभर माझ्या बगलेत टोचत राहिली.

तो उन्हाळा मला अंगाने आठवतो. दुपारी रस्ता पांढरा पडायचा, डेपोतल्या सागाला ऊन लागून त्याचा कडवट वास गावभर सुटायचा. मोहाची फुलं सरली होती, टोळ, म्हणजे त्याची फळं, धरली होती. आत्याबाई ओलं लुगडं दाराला टांगून त्याच्या आड पडून राहत आणि मला गोष्टी सांगत. गोष्टी लीलाच्या. लीलाने एकदा अख्ख्या पंगतीचं जेवण एकटीने रांधलं. लीलाची कुरडई दुधासारखी पांढरी. लीलाने कधी उलट उत्तर दिलं नाही. मी पंख्याने वारा घालत ऐकायची. मेलेल्या बाईची भाजी कधी खारट होत नाही, हे मला त्या दुपारी कळलं. जिवंत सवत परवडली असती. तिच्याशी भांडता आलं असतं. कधीतरी तिची पोळी करपली असती.

अक्षय तृतीया आली. आमच्याकडे त्या दिवशी पितरांच्या नावाने पाण्याच्या घागरी भरतात, पुरण-वडे-चिंचवणीचा नैवेद्य होतो, निखाऱ्यावर घास टाकतात. सासऱ्यांची घागर भरली. मग लीलाची भरली, तिच्यावर आंबा ठेवला, मोगरा वाहिला. स्वयंपाक पहाटेपासून मी एकटीने केला होता. आत्याबाईंनी पहिला वडा मोडून तोंडात घातला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "लीलाच्या हातचे वडे असे नव्हते, माय. आत जाळी पडे." आणि तोच वडा त्यांनी तिच्या नावाने निखाऱ्यावर टाकला. माझा वडा, माझ्या हातचा, तिच्या तोंडी. धूर डोळ्यांत गेला म्हणून मी उठून परसात आले. खरं म्हणजे धूर नव्हता.

त्या संध्याकाळी आत्याबाईंनी कब्रस्तानाचं काढलं. "तुले जावं लागन. पयल्या वैशाखातच जावं लागते."

त्या कब्रस्तानाच्या गोष्टी गावात वाऱ्यावर असत. ते कुणी बांधलं, कुणाला ठाऊक नाही. मधल्या चिंचेच्या अर्ध्या फांद्यांना गोड चिंचा, अर्ध्यांना आंबट. भिंतीला लागून सायबाच्या कुत्र्याची कबर, तिथे वाघसुद्धा वळसा घालून जातो, असं गुराखी शपथेवर सांगत. भर दुपारी विडीचा नाही, चिरुटाचा वास येतो तो सायबाचा. तिथे पुरलेला हा गोरा साहेब कोळशाच्या खाणीतला की जंगलखात्यातला, यावरही दोन पक्ष होते. पण बायकांना साहेबाशी घेणंदेणं नव्हतं. साहेबाच्या दोन्ही अंगांना दोन मडमा होत्या, एक पहिली, एक दुसरी. वैशाखात वावटळ उठून कब्रस्तानात गरगर फिरली की बाया पदर तोंडाला लावून म्हणत, लागल्या एकमेकींच्या झिंज्या उपटायला. पहिली फार जळकी. मेल्यावर आपल्या जागी आलेली तिला खपली नाही. ती साऱ्या मेलेल्या पहिल्या बायकांची थोरली. तिला राजी केलं तर ती आपल्या सवतीला आवरून धरते, नाहीतर मोकळी सोडते. म्हणून गावात दुसरेपणाची जी बाई येते तिने पहिल्या वैशाखात हिरव्या बांगड्या घेऊन तिथे जायचं. मोठा वाटा पहिल्या मडमेच्या पायाशी, लहान वाटा दुसरीच्या.

"दुसरीले कायले?" मी विचारलं.

"तीबी रुसते ना. आपल्याच जातीची ते," आत्याबाई म्हणाल्या. जात म्हणजे दुसरेपणाची. कारण आत्याबाई स्वतः दुसरेपणाच्याच. त्यांच्याही गळ्यात एके काळी टाक होता, त्यांनीही बांगड्या वाहिल्या होत्या. "मोठा वाटा देल्ला तरी माजे पयले दोन लेकरं नेलेच तिनं," त्या म्हणाल्या. ती म्हणजे त्यांची सवत. आयुष्यभर त्यांनी त्या बाईचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. सासऱ्यांच्या शेजारी तिची घागरही भरत नव्हत्या. सुनेला मात्र सवतीची इतकी सरबराई का करायला लावतात, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आपली नातवंडं कुणी नेऊ नये, ही धास्ती होती त्यांना. पण कळलं म्हणून राग कमी झाला नाही.

आठवडी बाजारात बांगडीवाल्या रहीमचाचाच्या पाटीपुढे बसले. माझ्या गळ्यातला टाक पाहून तो समजला. हात दाबून दाबून माझा चुडा भरला आणि वर हिरव्या बांगड्या दोन सुतळ्यांत ओवून दिल्या, एक मोठी माळ, एक लहान. "बेटी, फुटायच्या नाही याची काळजी घे. फुटलेली मडम घेत नाही म्हणतात." मी मोठी माळ हातात तोलून पाहिली. तीसुद्धा तिचीच. पहिलीची. जगात जिथे म्हणून दोन वाटे होतात तिथे मोठा वाटा पहिलीचा असतो, आणि पहिली होण्यासाठी काय करावं लागतं तर फक्त आधी यावं लागतं.

सोबतीला आग्नेसबाई आली. तिला तशीही तिच्या आजीच्या कबरीवरच्या मोगऱ्याला पाणी घालायचं होतं. तिच्या घरचे लोक दर नोव्हेंबरात येऊन साऱ्या कबरींना चुना लावत, आपल्या आणि बेवारशी, दोन्हींना. फाटक गंजून बसलेलं, म्हणून बाया मागच्या पडक्या भिंतीवरून आत जात. आम्हीही तिथूनच उतरलो. आत सागाची वाळली पानं पापडासारखी पायाखाली मोडत होती. बहावा नुसता पिवळा पेटला होता. समोरच तीन कबरी ओळीने. अलीकडे, आमच्या बाजूला, तिन्हींचे दगडी क्रूस, अक्षरं झिजलेली. आणि तिथून पलीकडे लांब गेलेले ओटे. उजव्या कबरीच्या क्रूसाशी फुटक्या, विटलेल्या हिरव्या काचेचा खच पडला होता. डावीकडे त्यामानाने थोडी.

मी आत्याबाईंनी घोकून घेतलेलं मनात म्हटलं. बायको नवऱ्याच्या डाव्या अंगाला बसते, म्हणजे पहिली सायबाच्या डाव्या हाताला. मी पायाशी उभी. तो माझ्याकडे तोंड करून उठून बसला तर त्याचा डावा हात माझ्या उजवीकडे. मी मोठी माळ घेऊन उजवीकडे वाकले.

"पायाशी?" आग्नेसबाई मागून म्हणाली. "कोनाच्या पायाशी?"

"सायबाच्या."

"अवो, हे त्याचं डोस्कं आहे. क्रूस डोस्क्याकडं रायते आमच्यात. पाय त्याचे तिकडं, फाटकाकडं."

मी माळ हातात धरून उभीच राहिले. आपल्याकडे नमस्कार पायावर करतात. डोक्याकडून कुणाला नमस्कार करतं का कुणी? भिंत इकडे पडली, बाया इकडून आल्या, जिथे वाकल्या ते पायच असणार असं सगळ्यांनी धरलं.

"म्हनजे पयली..."

"पयली त्याच्या डाव्या हातालेच आहे, ते तुमचं बरोबर. माजी आजी सांगे. पन डावा हात इकडं." तिने डावीकडची कबर दाखवली, जिथे थोड्या बांगड्या होत्या. "तुमी साऱ्या जनी दुसरीलेच भरून राह्यल्या."

मला हसू फुटलं. कब्रस्तानात हसू नये, पण काय करू. इतकी वर्षं, गावातल्या साऱ्या बिजवरांच्या बायका, भीतभीत, पदर सावरत, मोठा वाटा दुसरीच्या पदरात टाकून जात होत्या, आणि जळकी म्हणून नाव गाजलेली पहिली उरल्यासुरल्यावर पडून होती. मला इतका आनंद लग्नातही झाला नव्हता. मी मोठी माळ मुद्दाम, जाणूनबुजून उजवीकडेच वाहिली. दुसरीला. घे बाई. लहान माळ डावीकडे टाकली.

"म्हातारीले सांगू नको," भिंत चढताना आग्नेसबाई म्हणाली. "मोठा वाटा देल्ला, तरी सवतीनं लेकरं नेले म्हनते ते. आता आपल्याच हातानं चुकलं असं आयकलं तं जीव देईल."

मी मान हलवली. घरी आले. आत्याबाईंनी पाणी दिलं आणि विचारलं, "नीट वाहिलं ना? लीलाले सांगतलं ना, का तुजी जागा तुलेच आहे म्हनून?"

हे त्यांनी विचारलं नसतं, तर मी गप्प बसले असते. मी सगळं सांगून टाकलं. डोकं कुठलं, पाय कुठले, काचेचा खच कुणाच्या पुढ्यात. सांगताना माझ्या आवाजात गोडी होती, ती मला अजून ऐकू येते.

आत्याबाई उठून आत गेल्या. त्या संध्याकाळी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या आणि एकच खडा कितीतरी वेळ बोटाने इकडून तिकडे ढकलत राहिल्या. मी चुलीपुढून चोरून बघत होते. माझ्या पोटातली गोडी केव्हाच आंबट झाली होती. दुपारी त्यांनी एकदम विचारलं,

"वरच्या आळीतली गंगू, तीबी दुसरेपनाची, तिनंबी तिकडंच देल्लं असन ना?"

"साऱ्याच जणी तिकडं देतात, आत्याबाई."

"गंगूचे सारे लेकरं जगले. नातवंडंबी झाले." त्यांनी तो खडा सुपाबाहेर टाकला. "तिनं चुकीचं देल्लं, तिचे जगले. म्या चुकीचं देल्लं, माजे गेले. मंग सवत कुठी आली ह्याच्यात?"

सूप बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "चाल. मले पाहू दे."

उन्हं उतरत होती. भिंतीशी आल्यावर मी मागे राहिले, त्यांना ढकलत वर चढवलं आणि आत उतरवलं. त्या पहिल्यांदा उजवीकडच्या काचांपाशी गेल्या. त्यात त्यांच्याही बांगड्या असतील, सगळ्यांत खाली. मग डावीकडे येऊन, चुन्याने पांढऱ्या झालेल्या त्या क्रूसाशी टेकल्या. विधवेच्या हातात वाहायला बांगड्या नव्हत्या. त्यांनी कमरेची पिशवी सोडली, त्यातली सुपारी काढली आणि ठेवली.

"बाई, तुजा वाटा कोनी देल्लाच नाई," त्या म्हणाल्या. "तरी तू काई केलं नाईस." मग आवाज बारीक झाला. "तिनंबी काई केलं नसन. म्या उगाच जलमभर शिव्या देल्ल्या." ती म्हणजे त्यांची सवत. त्यांनी तिचं नाव घेतलं, अनसूया. त्या घरात मी ते पहिल्यांदा ऐकलं.

वावटळ उठली नाही. चिरुटाचा वास आला नाही. बहाव्याची चार फुलं त्यांच्या डोक्यावरच्या पांढऱ्या पदरावर पडली, ती तशीच राहिली. मला तिथेही मत्सर वाटला, आता अनसूयेचा. मेलेल्या बायकांना असे माफी मागणारे भेटतात. माझ्यापाशी माझ्याच सासूने अजून काही मागितलं नव्हतं.

परत निघालो. पडक्या भिंतीच्या दगडांवर आधी मी चढले. आत्याबाई खाली उभ्या राहिल्या, एक पाय दगडावर, आणि वर माझ्याकडे पाहिलं.

"कुसुम," त्या म्हणाल्या, "हात दे."

मी हात दिला. माझ्या बांगड्या त्यांच्या मुठीत दाबल्या गेल्या, दोन पिचल्या, मनगटाला काच लागली. वर आल्यावर त्यांनी ते रक्त पदराने टिपलं आणि घरी येईपर्यंत हात सोडला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिंकं खाली घेतलं. मांजरीचा विषय निघाला नाही. पावसाच्या तोंडावर हे फळीवरून काळे होऊन परतले आणि आईला "कुसुम, पानी आन त्याले" म्हणताना ऐकून दारातच थबकले, घर चुकलं की काय असं वाटून.

एवढ्यावर माझी जळजळ थांबली असेल असं कुणी समजू नये. टाक मी काढला नाही. आत्याबाईंनी काढ म्हटलं होतं, मीच नको म्हटलं. डोळ्यांपुढे असलेली बरी. गावातल्या बायका अजूनही मागच्या भिंतीवरून जातात आणि उजवीकडे मोठा वाटा टाकतात, असं आग्नेसबाईची मुलगी सांगते. कुणी दुरुस्त केलं नाही. मी तर करणार नाही. दुसरीला कुठेतरी मोठा वाटा मिळतोय, मिळू दे.

आता आत्याबाई नाहीत, हेही नाहीत. आता अक्षय तृतीयेला ओळीने घागरी भरतो, अनसूयेचीसुद्धा. दुपारभर मी चुलीशी असते. वडे अजून मीच तळते, सुनेला हात लावू देत नाही. जाळी पडते की नाही ते मी मोडून बघत नाही. आणि तळता तळता मनात येतं, की इतकी वर्षं मी यांच्यासाठी रांधलं, यांचं दुखणं काढलं, आणि शेवटी हे गेले ते लीलाकडे. ती आधी पोचलेली. तिथेही पहिलीच.

यांचा फोटो पाटावर, आमच्याकडे तोंड करून. त्यांच्या पुढ्यात त्यांची घागर. यंदा सून लीलाची घागर घेऊन आली, मोगरा वाहिलेली, वर आंबा. "आई, ही कोणत्या बाजूला ठेवू?"

"ठेव गं कुठेही," मी म्हटलं. "मेलेल्यांना काय डावं-उजवं."

तिने ती ठेवली आणि निखारे आणायला आत गेली. मी गुडघ्यावर हात ठेवून उठले. फोटोकडे पाहिलं, त्याच्या बाजूने नीट हिशेब केला, या वेळी डोकं कुठे आणि पाय कुठे याची खात्री करून घेतली, आणि घागर उचलून त्यांच्या उजव्या हाताला नेऊन ठेवली. डावीकडची जागा पदराने पुसून घेतली आणि रिकामी सोडली.